शाळेची शे

नाना, तुला 'तू' म्हणते आहे. डी.एड. करून घरी आले तेव्हापासून मी तुला 'तुम्ही' म्हणायला लागले होते, आणि पहिले काही दिवस तू मागे वळून बघायचास, की पोरीने हाक मारली ती नक्की कोणाला. मग सवय झाली. तू गेलास तेव्हाही मी 'तुम्ही'वरच होते. आता मीच निवृत्त होऊन जळगावला घरी बसले आहे, ऐकायला कोणी नाही, तर लहानपणीचं 'तू'च बरं वाटतं. व्याकरणाच्या दृष्टीने यात काही चूक नाही.

लिहायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात मी धुळ्याला, तुझ्या घंटांच्या कारखान्यात जाऊन आले. गेले म्हणजे नेली गेले. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल होती. दर दोन महिन्यांनी आम्हा म्हाताऱ्यांना मिनीबसमध्ये भरून कुठेतरी नेतात आणि संध्याकाळी मोजून परत आणतात. या वेळी कोणीतरी सुचवलं, धुळ्यात घंटा ओतायचा जुना कारखाना आहे, चालू आहे, आणि आता तिथे संग्रहालयही केलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. बस एरंडोल, पारोळा करत निघाली. मागच्या सीटवर चिवड्याचा डबा फिरत होता, पुढे गुडघ्यांची चर्चा. माझे वडील त्या कारखान्यात ओतारी होते, हे मी बसमध्ये कोणाला सांगितलं नाही. लपवलं असं म्हणता येणार नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही, एवढंच.

कारखाना तुझ्या वेळेसारखाच आहे आणि नाहीही. भाता गेला, त्याच्या जागी विजेवरचा पंखा घों घों करतो. पत्र्याची शेड तीच. माती अजून पांझरेच्या काठावरून येते, शेणात मळतात, गाभ्यावर मेण चढवतात, मेणावर पुन्हा माती लिंपतात. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं, आणि त्या रिकाम्या जागेत काशाचा रस ओततात. हे सगळं आम्हाला मालकांच्या नातीने समजावून सांगितलं. तिशीतली, चुणचुणीत मुलगी आहे, गळ्यात छोटा माइक अडकवून बोलते. चांगली बोलते. मला त्यातलं पाऊल न पाऊल ठाऊक होतं, तरी मी नवं काही ऐकल्यासारखी मान हलवत होते. तीस-एकतीस वर्षं वर्गात कंटाळलेली तोंडं बघितल्यावर माणूस दुसऱ्याच्या तासाला तरी नीट बसतो.

संग्रहालय म्हणजे आपली कोळशाची खोली. तिला चुना दिलाय, ट्यूबलाइट लावल्यात, भिंतीला फळ्या ठोकल्यात. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या, देवळातल्या घंटा, एक तडकलेली, एक हत्तीसाठी म्हणून केलेली आणि कधीच न नेलेली. प्रत्येकीखाली छापलेली पाटी. पहिल्या चार पाट्यांत मला ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका सापडल्या. सवय जात नाही. मी पर्समधून पेन काढणार होते, तेवढ्यात पुढे हशा पिकला. एक निवृत्त तलाठी आहेत आमच्यात, त्यांना नकला करायची हौस. ते एका घंटेवरची अक्षरं हेल काढून वाचत होते, 'ही घंटा शाळेची शे!' आणि खालची पाटीही त्यांनी मोठ्याने वाचली: 'कारागीर निरक्षर असल्याने झालेली गमतीदार चूक.' सगळे हसले. कोणीतरी फोटो काढला. मीही हसले, नाना. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी होईन.

तू निरक्षर नव्हतास. तिसरीपर्यंत शिकलेला होतास आणि कारखान्यात अक्षरं बसवायची ती तूच. हिवाळ्यात मेण कडक होतं म्हणून तू ते घरी आणायचास आणि चुलीपुढे बसून आईच्या पोळपाटावर त्याच्या सुतळीसारख्या बारीक वळ्या करायचास. आई म्हणायची, 'आते भाकर काय मेणनी करू?' तू ऐकायचा नाहीस. वळी उचलायची, वाकवायची, काना, मात्रा, वेलांटी, आणि प्रत्येक अक्षर बसवताना ते तोंडाने म्हणायचं, ही तुझी रीत. न म्हणता एकही अक्षर तुझ्या हातून उमटत नसे. कोणा देवीच्या घंटेवर देणगीदाराचं नाव घालायचं असेल तर दोन दिवस त्या माणसाचं नाव आमच्या घरात घुमायचं.

आणि मी तुझी भाषा सुधारत होते. जेवताना, झोपताना, पाहुण्यांदेखत. 'कसाले' नाही नाना, 'कशाला'. 'माले' नाही, 'मला'. 'शे' नाही, 'आहे'. तू रागावला नाहीस कधी. उलट मला खूश करायला 'आहे' घालायचास, पण घालायचास ते भलत्याच ठिकाणी. 'भाकर मस्त व्हयेल आहे,' असं म्हणून माझ्याकडे बघायचास, पास की नापास. मी म्हणायचे, नापास. आई तोंडाला पदर लावून हसायची. आपल्या घरात तेव्हा एकटी मीच शहाणी होते, आणि तो शहाणपणा मी पुरवून पुरवून वापरला.

त्या घंटेचं काम आलं ते शाळेची आधीची घंटा चोरीला गेली म्हणून. मुख्याध्यापकांनी ठरवलं, आता घंटेवरच ओतून घ्यायचं, 'ही घंटा शाळेची आहे.' म्हणजे चोरानं विकायला नेली तरी वाचणाऱ्याला कळेल. चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली होती, टपोऱ्या अक्षरात, खाली पूर्णविरामासकट. तू ती चिठ्ठी समोर ठेवून अक्षरं बसवलीस. 'ही' झालं, 'घंटा' झालं, 'शाळेची' झालं. शेवटच्या शब्दाला तू चिठ्ठीकडे बघितलं नसशील. वाक्य तोंडात आलेलंच होतं, ते तोंडानं पुरं केलं आणि बोटांनी तोंडाचं ऐकलं. चारच शब्दांची ओळ; पाच असते तर कदाचित बघितलं असतंस.

मग तू मला शेडमध्ये बोलावलंस. दुपार कलली होती. घंटा अजून मेणाचीच होती, पिवळट, आणि अक्षरं तिच्या कडेला फिरत गेलेली. 'वाची दे ना जरा,' तू म्हणालास, 'बठ्ठं बरोबर शे का?' चिठ्ठी माझ्या हातात दिलीस. मी बघितलं आणि हो म्हणाले. घरी जायची घाई होती, उजेड कमी होता, असं मी पुढे स्वतःला सांगत आले. तू समाधानाने माती लिंपायला घेतलीस.

रस ओतताना कोणी बोलत नाही, ही तुमची पद्धत. ओतणारा फक्त 'येऊ दे' म्हणतो आणि 'बस' म्हणतो. ती घंटा ओतली तेव्हाही तसंच झालं. साचा फोडला, काजळी धुतली, चिंचेने घासली, तर अशी लखलखीत निघाली की मालक स्वतः बघायला आले. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं. भात्यावरच्यांनी वाचलं. माती मळणाऱ्या बायांपैकी एकीला वाचता येत होतं, तिने बाकीच्यांना वाचून दाखवलं. कोणालाही काही खटकलं नाही. सगळ्या कारखान्याला ती ओळ बरोबर होती, कारण ती सगळ्यांच्याच घरची होती. शुद्ध मराठी फक्त चिठ्ठीत होतं, आणि चिठ्ठी एव्हाना भट्टीत गेली होती.

मुख्याध्यापक घंटा न्यायला येणार, त्या दिवशी मी पण यायचं, असं तूच ठरवलं होतंस. त्यांच्या शाळेत मराठीच्या शिक्षिकेची जागा रिकामी होती. अर्ज पोस्टाने टाकण्यापेक्षा हातात दिलेला बरा, घंटा बघून माणूस खुशीत असेल, हा तुझा हिशेब. मी इस्त्रीची साडी नेसून, अर्जाचं पाकीट धरून शेडच्या तोंडाशी उभी होते. ते आले. खिशातून चष्मा काढून त्यांनी घंटेभोवती एक फेरी मारली आणि थांबले. 'हे काय? शाळेची शे? अहो, ही शाळा आहे का गोठा? उद्या साहेब तपासणीला आले तर काय दाखवू त्यांना?' मग सगळ्यांकडे बघत विचारलं, 'कोणी तपासलं हे?'

प्रश्न सरळ होता. उत्तर मला येत होतं. मी पाकीट दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

तू पुढे झालास. 'मन्हीच चूक शे, गुरुजी.' आणि ते म्हणाले, 'बघा, पुन्हा शे!' त्यावर मालकांसकट सगळे हसले. त्या हसण्यात तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, आता दे म्हणून. मी अर्ज दिला. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला, मला दोन-चार प्रश्न विचारले, मी चार स्वच्छ वाक्यं बोलले. ते म्हणाले, 'यांच्या कन्या? वा. वाटत नाही. घरी वडिलांनाही शिकवा जरा.' आणि मी म्हणाले, 'हो सर.'

नाना, मला आयुष्यात ज्या गोष्टींची लाज वाटते त्यांत ते 'हो सर' पहिलं येतं. मी बोलले असते तर नोकरी गेली असती, हे खरं. गेली असती तर दुसरी मिळाली असती, हेही खरं. त्या संध्याकाळी घरी तू दूध आणवून आईला खीर करायला सांगितलीस, कारण मुख्याध्यापकांनी अर्ज घेतला होता.

मी त्याच शाळेत लागले. नवी घंटा आली, 'आहे'वाली, तिची अक्षरं दुसऱ्याने बसवली. तिच्या टोल्यावर मी वर्गात गेले आणि तिच्या टोल्यावर बाहेर आले. मुलांनी निबंधात 'शे' लिहिलं की मी त्याभोवती लाल गोल काढायचे. एका मुलीने लिहिलं होतं, 'माझी आई शेतात शे.' तिला मी ते वाक्य दहा वेळा लिहायला लावलं. तू मात्र अक्षरं सोडलीस आणि माती लिंपायच्या कामावर बसलास. मेण घरी आणणं थांबलं, पोळपाट आईला परत मिळाला. मालकांनी तुला अक्षरांवरून काढलं असणार, असं मी धरून चालले. विचारलं नाही. विचारावं लागू नये म्हणूनच धरून चालले असेन.

तर सहलीच्या दिवशी, बाकीचे अंगणात चहा घेत असताना मी परत आत गेले. मालकांची नात पाट्यांवरची धूळ पुसत होती. मी म्हटलं, 'ही घंटा मोडली कशी नाही? चुकलेली घंटा तर पुन्हा मुशीत जाते.' ती म्हणाली, 'आजोबांनी मोडू दिली नाही, मॅडम. आवाज फार चांगला लागलाय म्हणायचे. ऐकता?' तिने लोलक हलवला. आवाज चांगला आहे. पुष्कळ वेळ राहतो. मला त्यातलं फार कळत नाही. मग मी तिला सांगितलं, की हा कारागीर माझा बाप, आणि तो निरक्षर नव्हता. ती एकदम गोरीमोरी झाली. पाटी वडिलांनी सांगितली तशी छापली, म्हणाली, आणि मला बसायला खुर्ची आणायला धावली.

खुर्चीबरोबर एक म्हातारा आला. तुझ्या शेजारी बसून मेण वळायचा तो, आता दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेला, तरी रोज येऊन बसतो. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. 'नानानी पोर ना तू? मास्तरीण?'

'हो,' मी म्हटलं. 'नानांना अक्षरांवरून मालकांनी काढलं ना, या घंटेनंतर?'

'मालक कसाले काढी?' तो म्हणाला. 'मालक तर मांगे लागेल व्हता, नाना, तूच कर. नाना म्हने, नही.'

'का?'

म्हाताऱ्याने नातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 'नाना म्हने, मंग पोरले दखाडनं पडी.'

नातीला ते कळलं नसावं. तिचं बोलणं धुळ्यातल्या शाळेतलं. मला कळलं. अक्षरं बसवली की ती मला दाखवावी लागतील, आणि दाखवली की मला ती घंटा आठवेल. ती आठवण मला नको म्हणून तू तुझं आवडतं काम सोडलंस. आणि ती ओळ मीच तपासली होती हे शेजारच्या माणसाला ठाऊक होतं, म्हणजे बहुधा सगळ्या शेडला ठाऊक होतं. सगळे हसले होते तेव्हा हे ठाऊक असूनच हसले होते की नंतर कळलं, ते मी म्हाताऱ्याला विचारलं नाही. बाहेर सहलप्रमुखांची शिट्टी वाजत होती. मी खुर्चीवर बसूनच होते. डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं, आणि म्हातारा सभ्यपणे दुसरीकडे बघत राहिला.

निघताना नात म्हणाली, 'तुम्हीच नवी पाटी लिहून द्या ना, मॅडम. तीन-चार ओळी. जशी द्याल तशी छापते.' मी हो म्हटलं. हे 'हो' मात्र विचार करून म्हटलं.

आठवडाभर ती पाटी लिहिते आहे. पहिल्यांदा सगळं तुझ्याविषयी लिहिलं आणि माझा उल्लेखच केला नाही. मग 'घरातील एका व्यक्तीने' असं घातलं. ते वाचून मलाच हसू आलं. मुलांच्या निबंधात असली वाक्यं आली की मी समासात लिहायचे, कोणी ते सांगा. पाटी जमेना म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. ते पाठवायचा प्रश्न नाही. उद्या कुरिअरने जाणार आहे तो फक्त पाटीचा कागद, आणि त्यावर आज दुपारी अखेर हे उतरलं आहे: 'या घंटेवरील अक्षरे बसवणारे कारागीर तिसरी शिकलेले होते. घंटा ओतण्यापूर्वी ही ओळ त्यांनी आपल्या मुलीला दाखवली. ती डी.एड. झालेली होती. तिला चूक दिसली नाही.' आणि खाली माझं पूर्ण नाव, तुझ्या नावासकट.

लिहून झाल्यावर तपासायला म्हणून पुन्हा वाचलं. पहिली तीन वाक्यं बरोबर आहेत. चौथं खोटं आहे. त्या दिवशी उजेड भरपूर होता, नाना, आणि मला घाईही नव्हती. मी चिठ्ठी हातात धरून ती ओळ मोठ्याने वाचली होती, तुझ्यासमोर, एकदा नाही तर दोनदा: ही घंटा शाळेची शे. दोन्ही वेळा ती मला अगदी बरोबर लागली, कानाला छान लागली. म्हणून मी हो म्हणाले. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. 'दिसली'वर काट मारून मी वर 'वाटली' लिहिलं आहे.